नमुन्याची बाटली: पलूस ते जटलंड

निघायच्या आदल्या दिवशी

"वसंतदादांच्या जिल्ह्यात राहून सहकार शिकायला डेन्मार्कला?" पारावरच्या एका आजोबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव. एका अंगाला कुंडल, दुसऱ्या अंगाला भिलवडी. साखर कारखाना, विकास सोसायटी, पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था यांपैकी कशाचा तरी शेअर नाही असं घर आमच्याकडं सापडायचं नाही. मी आजोबांना नीट उत्तर दिलं नाही. उत्तर आमच्या घरात, फडताळातल्या दुधाच्या पुस्तकात होतं.

आईच्या दोन एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीच्या, गाई आणि एक म्हैस. सकाळ-संध्याकाळ ती संस्थेत दूध घालते, दहा दिवसांनी बिल येतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) लागली तर पूर्ण दर, खाली उतरली की पॉइंटला कपात. पुस्तकात ओळीनं आकडे होते: ३.३, ३.४, ३.२, ३.३. गाई त्याच, वैरण तीच, सरकी पेंडही तीच. दोन वर्षांपूर्वी आईनं संस्थेत एकदा विचारलं होतं, "फॅट का लागंना?" त्यावर, "मशीन काय खोटं बोलतंय व्हय?" एवढंच ऐकून ती परत आली. त्यानंतर तिनं विचारलं नाही. ती भागधारक आहे, दर वर्षी सभेची नोटीस तिच्या नावानं येते. तरी विचारायची चोरी.

डेअरीची पदवी घेऊन मी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला निघाले ती हा प्रश्न बरोबर घेऊन.

दिवस १

पहाटेची धार काढून आई फाट्यापर्यंत आली. ताकारी, पेठनाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, मुंबई. रस्ता पाठ असलेला, म्हणून डोळा लागला. रात्री विमानात बसले तेव्हा कपड्यांना शेणाचा वास होता आणि मला तो हवासा वाटत होता.

दिवस २

फ्रँकफर्टला विमान बदलून बिलुंडला उतरले. लेगोची खेळणी बनवणारं हे गाव. तिथून गाडीनं पश्चिमेला, जटलंड या डेन्मार्कच्या द्वीपकल्पातल्या सपाट मुलखात. एप्रिल होता तरी वारा अंगाला चावत होता. घ्यायला यजमान स्वतः आले होते, साठीच्या आसपासचे, हात फावड्याएवढे रुंद. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते हे की मला नावानं हाक मार, इथं सगळे तसंच मारतात. वडलांच्या वयाच्या माणसाला एकेरी नाव घेऊन हाक? जीभ वळेना. शेवटी मी 'काका' म्हणाले, अर्थ सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि बायकोला फोन करून सांगितला. त्या दिवसापासून ते काका आणि त्या काकू.

वाटेत काकांनी विचारलं, डेन्मार्कबद्दल आधी काय ऐकलं होतंस? मी लार्सन अँड टुब्रोचं नाव घेतलं. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डॅनिश इंजिनिअर. १९३८ साली त्यांनी मुंबईत कंपनी काढली ती डेन्मार्कची डेअरीयंत्रं आणून विकण्यासाठी. आपल्याकडं आज त्या नावावर पूल, धरणं, मेट्रो आठवतात. सुरुवात दुधापासून आहे. काकांना हे ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ गप्प राहून गाडी चालवत होते, मग म्हणाले, म्हणजे तू परत घेऊन जायला आलीस.

दिवस ३

गोठ्यात १९० होल्स्टीन गाई आणि तीन रोबोट. माणसं घरची दोन, पगारी एक, आणि आता मी. दावण नाही, दावं नाही. गाईला वाटलं की ती आपली उठते, रोबोटच्या खोलीत शिरते, तिथं खुराकाच्या गोळ्या पडतात, आणि ती खात असताना यांत्रिक हात कासेखाली जाऊन लेझरनं सड शोधतो. चारही सडांना वेगवेगळी नळी. एखाद्या सडाचं दूध संपलं की तेवढीच नळी सुटते, बाकीच्या चालू राहतात. दगडी, म्हणजे कासेची सूज, होणार असेल तर दुधाची वीजवाहकता आधी वाढते, ती यंत्राला कळते आणि काकांच्या फोनवर त्या गाईचा नंबर येतो. आईला हे कासेला हात लावल्यावर कळतं. सांगायचं तर आईच्या हातालाही बहुतेक वेळा आधीच कळतं, पण तिच्याकडं गाई दोन आहेत.

मुरघासाचा, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या वैरणीचा, ढीग पाहून मात्र घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडं बॅगेत भरतात, इथं उघड्या ओट्यावर दाबून प्लॅस्टिक अंथरतात आणि वर जुनी टायरं ठेवतात. वास तोच, आंबूसगोड. दुपारी दोनला आईला फोन लावला, तिच्याकडं साडेपाच वाजले होते, संध्याकाळची धार चालू होती. "जनावरं कुटं बांधत्यात?" तिनं विचारलं. बांधतच नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मग मारामारी न्हाय करत?" करतात, असं मी सांगितलं. मी पाहिली होती.

दिवस ४

आज टँकर आला. मी ज्यासाठी आले होते ते आज अर्ध्या तासात घडून गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

टँकर एक दिवसाआड येतो. दूध तोवर टाकीत चार अंशाच्या आसपास गार असतं आणि आत पंखा ते हळूहळू ढवळत राहतो. ड्रायव्हरनं आधी झाकण उघडून वास घेतला, तापमान बघितलं. मग पाइप जोडला. दूध ओढलं जात असताना टँकरवरचं यंत्र त्याच धारेतून थेंब थेंब घेऊन नमुन्याची बाटली भरत होतं. म्हणजे बाटलीत वरचं दूध नाही, तळाचं नाही. सगळ्या टाकीचं दूध आहे. बाटलीवर गोठ्याच्या खुणेची पट्टी, बाटली गारेगार खणात. ती डेअरीत तपासत नाहीत. वेगळ्या प्रयोगशाळेत जाते. फॅट, प्रोटीन, जिवाणू, पेशीसंख्या (ती वाढली की कासेत आजार समजायचा) असे आकडे येतात आणि ते डेअरीला दिसतात तसेच शेतकऱ्यालाही फोनवर दिसतात. युरोपात गाईच्या कच्च्या दुधात मिलिलिटरला चार लाखांपेक्षा जास्त पेशी आणि एक लाखापेक्षा जास्त जिवाणू चालत नाहीत. काकांचा कालचा आकडा दीड लाख पेशींचा होता, त्यावर ते खूश नव्हते.

मी त्यांना विचारलं, कधी आकडा चुकीचा वाटला तर? ते म्हणाले, मग विचारतो. मी पुन्हा विचारलं, आणि विचारल्यावर ते काय म्हणतात? त्यांना माझा प्रश्नच कळेना. काकूंनी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "डेअरी माझीच आहे. मी कुणाला घाबरू?"

ते आर्लाचे सभासद आहेत. २००० साली डेन्मार्क आणि स्वीडनच्या दोन मोठ्या सहकारी डेअऱ्या एक होऊन ती झाली, आणि आज सात देशांतले शेतकरी तिचे मालक आहेत. एवढा पसारा असूनही काका तिच्याविषयी बोलतात ते आपण सामाईक विहिरीविषयी बोलतो तसं. पाळी चुकली तर भांडायचं, पण विहीर आपली.

दिवस ६

रात्री अडीचला काकूंनी दार वाजवलं. गाय व्यायला आली होती. आमच्याकडं त्या वेळी आई उठायच्या बेतात असते, सहा वाजलेले. वासरू पालथं नव्हतं, पाय सरळ आले, फार ओढावं लागलं नाही. कालवड झाली. काकूंनी नाक पुसलं, बेंबी आयोडीनमध्ये बुडवली, आणि लगेच गाईचा चीक काढला. मग चिकाचा एक थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या काचेवर ठेवून उजेडाकडं धरला. द्राक्षाची गोडी मोजायला आमच्या तासगावच्या बागायतदारांकडं असतं तेच, ब्रिक्समीटर! २२ च्या वर आलं की चीक चांगला, वासराला पाजायचा. २५ आलं. पहिल्या काही तासांतच तीन-चार लिटर पोटात जायला हवा, कारण वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद नसते. ती चिकातून येते, आणि आतडं ती दिवसभरापुरतीच शोषून घेतं.

मला आमच्या घरचा खरवस आठवला. शेजारी वाटायचा, देवाला दाखवायचा, संस्थेतल्या माणसाला द्यायचा. वासराला उरलेला. आमच्या दोन कालवडी हगवणीनं गेल्या होत्या आणि आम्ही नजर लागली म्हणालो होतो. सकाळ व्हायची वाट न बघता मी आईला फोन केला. "पुढच्या टायमाला आधी वासराला, पोटभर. मग खरवस." ती म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या दोघी तशा गेल्या व्हय गं?" मला उत्तर देववेना.

सकाळी कालवडीला आईपासून वेगळं केलं, पांढऱ्या घुमटीत एकटी ठेवली. इथली रीत तशी आहे, कारणंही पटण्यासारखी आहेत, रोगराई कमी होते. पण गाय दिवसभर हंबरत होती. मला ते बरं वाटलं नाही आणि मी काकूंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मलाही चाळीस वर्षांत सवय झालेली नाही.

दिवस ८, रविवार

शेजारच्या सेंद्रिय गोठ्यावर गेलो. हिवाळाभर आत राहिलेल्या गाई एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी बाराला देशभर एकदम कुरणात सोडतात, आणि ते बघायला शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन येतात. फाटक उघडलं. पहिली गाय दारात थबकली, हिरव्याकडं बघितलं, आणि एकदम चौखूर उधळली. मागोमाग सगळ्या. सहाशे किलोची जनावरं शेपट्या उभ्या करून वासरासारखी उड्या मारत होती, मातीत डोकी घासत होती. लोक टाळ्या वाजवत होते. आपल्या बेंदराच्या मिरवणुकीला जशी गर्दी असते तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता यायचं नाही.

दिवस ९

व्यालेली गाय अजून वेगळ्या खणात होती. चिकाचे दिवस सरत आले होते. मी काकूंना म्हटलं, आज हिची धार मी हातानं काढू? त्यांची दोन नातवंडं बघायला आली. त्यांनी हातानं धार काढताना कुणाला पाहिलंच नव्हतं. बादली गुडघ्यात धरली, मूठ वळली. आईनं शिकवलंय, अंगठा दुमडून ओढायचं नाही, सड सुजतो. पूर्ण मुठीनं दाबायचं. पहिल्या चुळा टाकून दिल्यावर फेस धरला आणि तो आवाज आला, भरत्या बादलीचा. धाकटा नातू हसायलाच लागला.

काका मागं उभे होते. त्यांनी दोन काचेच्या बरण्या आणल्या. म्हणाले, सुरुवातीचं दूध हिच्यात, अगदी शेवटचं हिच्यात. दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये.

दिवस १०

सकाळी बरण्या बाहेर काढल्या. पहिल्या बरणीत वर सायीची रेघ, बोटाच्या नखाएवढी. दुसरीत दोन बोटं जाड थर, पिवळसर. एकाच गाईचं, एकाच धारेचं दूध.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं: स्निग्धांश धारेच्या शेवटी वाढत जातो. पण आमच्या गोठ्याशी ते कधी जोडलं नव्हतं. आमच्याकडं आई धार काढते आणि शेवटचं दूध कासेतच ठेवून वासरू सोडते. आजीही तेच करायची. फॅट त्या शेवटच्या दुधात असते. पुस्तकातल्या ३.३ मागं हे एक कारण होतं, आणि मी दोन वर्षं फक्त संस्थेवर संशय धरून बसले होते. मशीन खोटं बोलत नसेलही. पण मग विचारायला आलेल्या बाईला हे चार वाक्यांत सांगणारं कुणीतरी तिथं असायला नको होतं का? माझी तक्रार तिथं आहे आणि ती मी मागं घेत नाही.

आईला लगेच सांगितलं नाही. वासराच्या तोंडचं काढ असं फोनवरून कसं सांगणार?

दिवस १३

काकांनी येडिंगला नेलं. ओल्गोदजवळचं लहानसं गाव. डेन्मार्कमधली पहिली सहकारी डेअरी इथं १८८२ साली निघाली, आता तिथं संग्रहालय आहे.

काळ असा होता की अमेरिकेतून स्वस्त धान्य युरोपात यायला लागलं आणि डेन्मार्कच्या शेतकऱ्याचा गहू कुणी विचारीना. तेव्हा तो धान्य सोडून लोण्याकडं वळला. नुकतंच १८७८ मध्ये दुधातून साय सलग वेगळी काढणारं यंत्र निघालं होतं. पण यंत्र एकट्या शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं, आणि दोन गाईंच्या घरात बनलेलं लोणी रोज वेगळ्या चवीचं, त्याला भाव मिळत नसे. म्हणून सगळ्यांचं दूध एकत्र, यंत्र सामाईक. साय डेअरीत राहायची, निवळ दूध शेतकऱ्याला परत, त्यावर डुकरं पोसायची. नफा ज्यानं जितकं दूध घातलं त्या मानानं. घरच्या वापरापुरतं सोडून सगळं दूध डेअरीलाच घालायचं, बाहेर विकायचं नाही. आणि डेअरीच्या कर्जाला सगळे मिळून जबाबदार, घरादारासकट.

मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते मतदानाचं. दोन गाईवाल्यालाही एकच मत, पन्नास गाईवाल्यालाही एकच. त्यावर तिकडं म्हण आहे: मत डोक्यांवर, जनावरांवर नाही. डॅनिशमध्ये डोकी आणि जनावरं या दोन शब्दांत एका स्वराचाच फरक आहे, त्यामुळं ती पोराटोरांनाही पाठ. आपल्या सहकार कायद्यातही एक सभासद एक मत हेच आहे. १९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांनी दुधाचा संघ, म्हणजे आजचं अमूल, उभा केला, पुढं कुरियन आले, ती सगळी उभारणी याच पायावर. कायदा आपल्याकडं आहे. संस्थेच्या खिडकीशी आईला तो आठवत नाही, एवढाच फरक.

दिवस २०

गावच्या सभागृहात भागातल्या सभासदांची बैठक. कॉफी, केक, चाळीसेक माणसं. काकू कानात भाषांतर सांगत होत्या. एका तरुण बाईनं उठून दराविषयी विचारलं. व्यासपीठावरच्यानं उत्तर दिलं. तिचं समाधान झालं नाही, तिनं पुन्हा विचारलं. मग आणखी दोघांनी. दीड तास एकाच विषयावर. कुणी "बसा आता" म्हणालं नाही, कुणी चिडलंही नाही. आमच्याकडं विषयपत्रिका वाचतात आणि पाठीमागून 'मंजूर, मंजूर' येतं. पुष्कळदा विषय क्रमांक संपायच्या आत.

पण त्या सभागृहात काळजीही होती. निम्मी डोकी पांढरी. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, मी सुरू केलं तेव्हा या रस्त्यावर अकरा गोठे होते, आता दोन. देशभरात दुधाचे गोठे तीन हजारांच्याही खाली आलेत, सरासरी एकेका गोठ्यात दोनशेच्या वर गाई. काकांवर रोबोटचं, गोठ्याचं, जमिनीचं कर्ज आहे. त्यात २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर लागणार आहे. मुलगा गोठा घेईल की नाही, हे ते विचारत नाहीत. मला वाटून गेलं, दोन गाईंवर दहा दिवसाला बिल काढणारी माझी आई इथं टिकलीच नसती. आमच्या एका गावात दूध घालणारी शंभरावर घरं आहेत. २०१९ च्या महापुरात पाणी उतरल्यावर पहिला पैसा आमच्या गल्लीत दुधाचाच आला. ते मी सभेत उठून सांगितलं. काकूंनी भाषांतर केलं. टाळ्या वाजल्या नाहीत, पण नंतर बराच वेळ लोक येऊन विचारत राहिले की एक गाय असलेल्या बाईला सभासद कसं करून घेता.

पुढचे दोन महिने

खुरं कापायला शिकले, आजारी गाईच्या पायाला लाल पट्टा बांधून तिचं दूध वेगळं काढायला शिकले, प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध टाकीत गेलं तर आख्ख्या टँकरची भरपाई शेतकऱ्यावर येते हे शिकले. निघताना काकूंनी काचेच्या त्या दोन बरण्या कागदात गुंडाळून दिल्या.

घरी, बेंदराच्या आदल्या दिवशी

पाऊस लागला होता, कृष्णा गढूळ. आई ओसरीवर मातीची बैलं ठेवत होती. संध्याकाळच्या धारेला मी बरण्या काढल्या. पहिलं दूध एकीत, शेवटचं दुसरीत. सकाळी तिनं दोन्ही उजेडात धरून बघितल्या. बराच वेळ. मग म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, वासराला सायीचं दूध जातंय. मला वाटायचं, उगं म्हणत्यात."

सकाळचं दूध घेऊन दोघी संस्थेत गेलो. नमुना घेणाऱ्या पोरानं किटलीत वरूनच माप बुडवलं. आई खिडकीशी पुढं झाली.

"ढवळून घे बाळा."

"काकू, मागं लाइन हाय."

"असू दे. ढवळून घे आन् आकडा मला दाव."

मागच्या बायकांतून एक आवाज आला, "घे की ढवळून. माझंबी तसंच घे." पोरानं सेक्रेटरीअण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान हलवली. ढवळणी दोनदा खालवर झाली, यंत्राचं तोंड आईकडं वळलं. ३.४.

तिनं तो नीट वाचला, पुस्तकात लिहून घेतला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, शेवटचं दूध काढलं असतंस तर ३.८ तरी लागली असती.

"काढीन. पर कालवड अजून दोन म्हैन्याची न्हाय झाली," ती म्हणाली आणि रिकामी किटली हलवत वैरणीकडं वळली.